घोड्याच्या हृदयाचे अनियमित ठोके आणि त्यावरची औषधं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घोडेमालक, सईस, ट्रेनर आणि रायडिंग क्लबात शिकणारे-शिकवणारे लोक घोड्याच्या हृदयाबद्दल सतत जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. औषधांचे डोस समजण्यासाठी दिले आहेत, स्वतः देण्यासाठी नाहीत. यातलं जवळजवळ प्रत्येक औषध ठोक्यांची लय बदलताना रक्तदाब आणि हृदयाची आकुंचनाची ताकदही बदलतं. खरी जोखीम तिथेच असते, म्हणून या पानावर भरही त्यावरच आहे.

१. माझ्या घोड्याची नाडी मिनिटाला ३२ च लागते. हे फार कमी नाही का?

नाही. शांत उभ्या असलेल्या निरोगी मोठ्या घोड्याचे ठोके मिनिटाला साधारण २८ ते ४० असतात. तोच घोडा पूर्ण वेगात धावताना २२० ते २४० पर्यंत जातो. इतकी मोठी झेप घेणारं हृदय फार थोड्या प्राण्यांना लाभलं आहे. घोड्याचं हृदय त्याच्या वजनाच्या सुमारे एक टक्का, म्हणजे ५०० किलोच्या घोड्यात चार ते पाच किलोचं असतं. ऑस्ट्रेलियाचा प्रसिद्ध शर्यतीचा घोडा फार लॅप याचं हृदय कॅनबेराच्या राष्ट्रीय संग्रहालयात जपलेलं आहे. त्याचं वजन ६.२ किलो भरलं होतं.

नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटांनी लागते. स्टेथोस्कोप असेल तर डाव्या कोपराच्या मागे, थोडा पुढे सरकवून लावा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका. पूर्ण मिनिट मोजा, कारण सुटलेला ठोका नेमका उरलेल्या पंचेचाळीस सेकंदांत येऊ शकतो.

२. मधेच एक ठोका गळतो. लगेच औषध सुरू करायचं का?

बहुतेक वेळा औषध लागतच नाही. तंदुरुस्त, कसलेल्या घोड्यात विश्रांतीच्या वेळी व्हेगस या मज्जातंतूचा हृदयावर मोठा ताबा असतो. तो अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) आणि निलय (खालचा कप्पा) यांच्या मधल्या एव्ही नोडवर, म्हणजे विजेचे संकेत खाली सोडणाऱ्या गाठीवर, अधूनमधून दार लावतो आणि निलयाचा एक ठोका सुटतो. याला सेकंड डिग्री एव्ही ब्लॉक म्हणतात. घोड्याला दुडकीवर घ्या किंवा थोडं दचकू द्या. ठोके वाढले की ब्लॉक नाहीसा होतो.

कान सरावला असेल तर आणखी एक खूण कळते. सुटलेल्या ठोक्याच्या जागी एक मंद आवाज एकटाच ऐकू येतो. तो अलिंदाच्या आकुंचनाचा, म्हणजे चौथा हृदयध्वनी. तो ऐकू आला म्हणजे अलिंद आपलं काम करतंय. व्यायामानंतरही ठोके गळत राहिले, घोडा कोसळला किंवा ठोक्यांना कसलाच ताल लागेना, तर मात्र ईसीजी काढायलाच हवा.

३. डॉक्टर ‘एट्रियल फिब्रिलेशन’ म्हणाले. म्हणजे नेमकं काय झालं?

कामगिरीवर परिणाम करणाऱ्या अनियमित ठोक्यांमध्ये घोड्यात सर्वाधिक आढळणारा प्रकार हाच. पुढे त्याला एएफ म्हणू. अलिंदं एकसाथ आकुंचन पावायचं सोडून वाऱ्यातल्या पिंपळपानासारखी नुसती थरथरतात. त्यांच्यातून मिनिटाला शेकडो विजेचे संकेत निघतात, त्यातले काहीच एव्ही नोडमधून खाली उतरतात, तेही कसल्याही क्रमाशिवाय. त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर दर वेळी वेगळं असतं आणि चौथा ध्वनी पूर्णपणे बंद होतो.

माणसात एएफमागे बहुधा हृदयाचा दुसरा आजार किंवा वय असतं. घोड्यात अलिंदंच मुळात प्रचंड मोठी आणि वर व्हेगसचा जोर, म्हणून हृदय एरवी उत्तम असतानाही एएफ होतो. लंडनमधले हृदयतज्ज्ञ थॉमस लुईस यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला घोड्यांची थरथरणारी अलिंदं पाहिली. १९११-१२ च्या सुमारास त्यांनी त्यांचा संबंध माणसांच्या पूर्ण अनियमित नाडीशी जोडला. माणसाच्या हृदयशास्त्रावर घोड्याचं हे ऋण आहे आणि ते फारसं कुणाला माहीत नसतं.

तबेल्यात उभा असताना असा घोडा अगदी ठणठणीत दिसतो. ठोकेही ३० ते ५० च असतात, कारण व्हेगसने एव्ही नोड आवळून धरलेला असतो आणि निलय भरायला भरपूर वेळ मिळतो. घोडा चौखूर सुटला की ही सवलत संपते. अलिंदाची शेवटची ढकल नसते, ठोके मर्यादेबाहेर जातात, निलय अर्धवट भरतात. मग घोडा शर्यतीच्या मध्यावर अचानक मागे पडतो, कधी नाकातून रक्त येतं, क्वचित पाय लटपटतात.

४. एएफ निघाला म्हणजे औषध घ्यावंच लागतं का?

नाही, आणि घाईने सुरू करणं हीच इथली सर्वांत मोठी चूक ठरते. शर्यतीनंतर किंवा जोरदार कामानंतर सुरू झालेला एएफ पुष्कळदा २४ ते ४८ तासांत आपोआप थांबतो. त्या वेळात घोड्याला शांत ठेवायचं, रक्तातलं पोटॅशियम आणि मॅग्नेशियम तपासायचं आणि पुन्हा ईसीजी काढायचा.

थांबला नाही तर घोड्याचं काम पाहायचं. स्पर्धेतल्या घोड्याला लय परत मिळवून देणं बहुधा गरजेचं असतं. हलक्या फेरफटक्याच्या घोड्याचा धावतानाचा ईसीजी घेऊन निर्णय होतो. मेहनतीत ठोके २२० च्या वर जात असतील किंवा निलयातून चुकार ठोके उठत असतील, तर उपचार होईपर्यंत त्याच्यावर कुणीही बसू नये. हे घोड्याइतकंच स्वाराच्या जिवासाठी आहे. लहान मुलांना शिकवायच्या घोड्याबद्दल मी अधिक कडक राहीन: एएफ असेल तर मुलांना त्यावर बसवू नका. लग्नाच्या वरातीतल्या घोड्यालाही हाच न्याय. ढोल-ताशे, फटाके आणि गर्दीत त्याचे ठोके किती चढतात, हे तबेल्यातल्या नाडीवरून कळत नाही.

५. क्विनिडीन हृदयावर नेमकं काय करतं?

एएफ मोडायला वापरतात ते क्विनिडीन हे मलेरियावरच्या कोयनेलचं जुळं भावंड. दोन्ही सिंकोनाच्या सालीतून मिळतात. रेणूतले अणू तेच, मांडणी वेगळी. १९१२ च्या सुमारास व्हेंकेबाख या डच हृदयतज्ज्ञांना त्यांच्या एका रुग्णाने सांगितलं की कोयनेल घेतल्यावर आपली अनियमित नाडी ठीक होते. १९१८ मध्ये जर्मनीत वॉल्टर फ्रे यांनी सिंकोनातल्या द्रव्यांची तुलना केली, तेव्हा क्विनिडीन सर्वांत प्रभावी ठरलं. माणसांत त्याचा वापर आता फार कमी झाला आहे, पण घोड्यात अजूनही तेच मुख्य औषध आहे.

त्याचं पहिलं काम उपयोगाचं. हृदयाच्या पेशीत सोडियम आत येण्याचे मार्ग ते अडवतं, म्हणून विजेची लाट संथ होते. पोटॅशियम बाहेर जाण्याचे मार्गही ते अडवतं, म्हणून प्रत्येक ठोक्यानंतर पेशीला पुन्हा तयार व्हायला जास्त वेळ लागतो. अलिंदात भटकणाऱ्या लाटांना पुढे जायला तयार पेशीच मिळत नाहीत, त्या विझतात आणि हृदयाची नेहमीची लय ठरवणारा सायनस नोड पुन्हा सूत्रं हाती घेतो.

बाकीची कामं आपल्याला नको असतात, पण तीही सोबत येतातच. व्हेगसचा परिणाम घटतो आणि एव्ही नोडचं दार उघडं पडतं. याचा अर्थ प्रश्न ८ मध्ये आहे. रक्तवाहिन्यांवरचा अल्फा प्रकारचा ताण कमी होतो, त्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. आकुंचनाची ताकद थोडी घटते. निलयाचाही सावरण्याचा काळ लांबतो, म्हणून ईसीजीवर क्यूटी अंतर वाढतं. ते फार वाढलं तर टोरसाद द पॉइंट हा निलयाचा जीवघेणा वेगवान ताल सुरू होऊ शकतो. निरोगी हृदय यातलं बरंच सोसतं. आधीच निकामी होत चाललेलं हृदय सोसत नाही, म्हणून हृदयविकारामुळे झडपा गळणाऱ्या, पायांवर सूज चढलेल्या घोड्याला क्विनिडीन देत नाहीत.

६. गोळ्यांची पूड गुळात किंवा कोंड्यात मिसळून देता येईल का?

नको. क्विनिडीन तोंडाच्या आतल्या त्वचेला जाळतं आणि फोड येतात. शिवाय घोडा अर्धं खाऊन अर्धं टाकतो, मग पोटात किती गेलं याचा हिशेबच राहत नाही. ते नाकातून जठरापर्यंत घातलेल्या नळीने पाण्यात मिसळून देतात. प्रचलित डोस किलोमागे २२ मिलिग्रॅम, म्हणजे ५०० किलोच्या घोड्याला एका वेळी ११ ग्रॅम. दर दोन तासांनी एक, असे चार ते सहा डोस. लय परत आली किंवा विषबाधेची खूण दिसली की तिथेच थांबायचं. तोवर काहीच झालं नाही तर अंतर सहा तासांचं करतात, कारण औषध रक्तातून निम्मं व्हायला सुमारे साडेसहा तास लागतात. दोन तासांनी देत राहिलं तर ते साठतच जातं.

रक्तातली इष्ट पातळी मिलिलिटरमागे २ ते ५ मायक्रोग्रॅम. पाचच्या वर विषबाधेची शक्यता झपाट्याने वाढते. शिरेतून द्यायचं क्विनिडीन ग्लुकोनेट नुकत्याच सुरू झालेल्या एएफसाठी सोयीचं होतं, पण अमेरिकेत त्याचं उत्पादन २०१९ मध्ये थांबलं आणि तो मार्ग जवळजवळ बंद झाला.

७. उपचार चालू असताना सईसाने काय पाहायचं? कशावरून थांबवायचं?

पहिल्या डोसच्या आधीचा ईसीजी हाच सगळ्याचा पाया असतो. निलयाच्या ठोक्याची रेघ, म्हणजे क्यूआरएस, तेव्हा किती रुंद होती हे नोंदवून ठेवतात. प्रत्येक डोसआधी पुन्हा मोजतात. मूळ रुंदीपेक्षा २५ टक्क्यांनी वाढली की पुढचा डोस देत नाहीत.

मशीन डॉक्टर पाहतील, पण घोड्याजवळ सतत उभा सईसच असतो आणि त्याचे डोळे लाखमोलाचे असतात. नाकाच्या आतली त्वचा सुजून श्वासाचा आवाज येऊ लागला, तर ताबडतोब ओरडा. घोडा तोंडाने श्वास घेत नाही, त्यामुळे नाक बंद होणं म्हणजे गुदमरणं. पोटशूळ, पातळ जुलाब, अंगावर गांधी, चालताना झोक जाणं, लिंग बाहेर लोंबून आत न जाणं, खुरं गरम होणं आणि नाडी बारीक लागणं हेही लगेच सांगायचं. थोडा मलूलपणा मात्र पुष्कळ घोड्यांत येतो, एकट्या त्यावरून घाबरू नका.

गंभीर विषबाधेत शिरेतून सोडियम बायकार्बोनेट देतात. त्याने रक्तातलं जास्त क्विनिडीन प्रथिनांशी बांधलं जातं आणि मोकळं कमी उरतं. टोरसाद सुरू झालं तर मॅग्नेशियम सल्फेट. दाब धोकादायकरीत्या पडला तर सलाइन आणि रक्तवाहिन्या आवळणारं फेनिलेफ्रीन. हे सगळं हाताशी नसेल आणि शिरेत कॅथेटर (औषध सोडायची बारीक नळी) बसवलेलं नसेल, तर पहिला डोससुद्धा देऊ नये.

८. क्विनिडीन दिल्यावर ठोके कमी होण्याऐवजी १२० झाले. औषध उलटलं का?

उलटलं नाही. प्रश्न ५ मधली दोन कामं एकत्र आली. क्विनिडीनने अलिंदाची थरथर थोडी संथ आणि सुसूत्र केली आणि त्याच वेळी व्हेगसने लावून घेतलेलं एव्ही नोडचं दारही उघडलं. आधी बहुतेक संकेत दाराशी एकमेकांत अडकून मरत होते. आता ते रांगेने खाली उतरतात. लय परत येण्याच्या उंबरठ्यावर असतानाही असं होतं, म्हणूनच हा क्षण फसवा असतो.

उभ्या घोड्याचे ठोके १०० च्या वर टिकून राहिले तर हस्तक्षेप करतात. नोड संथ करायला डिगॉक्सिन किंवा डिल्टियाझेम वापरतात. इथे एक खाच आहे: क्विनिडीनमुळे रक्तातलं डिगॉक्सिन चढतं, सुमारे दुप्पटही होऊ शकतं. त्यामुळे डिगॉक्सिनचा डोस राखून देतात आणि पोटॅशियमवर नजर ठेवतात, कारण ते कमी असेल तर डिगॉक्सिन अधिक विषारी ठरतं. डिल्टियाझेम दाब आणखी उतरवतं, म्हणून आधीच पडलेल्या दाबात ते जपून वापरावं लागतं.

९. नुसत्या डिगॉक्सिनने एएफ बरा होईल का?

नाही. डिगॉक्सिन अलिंदाची थरथर थांबवत नाही. ते निलयाचा वेग कमी करतं आणि आकुंचनाला थोडं बळ देतं. म्हणून त्याची जागा हृदय निकामी होऊन एएफ झालेल्या घोड्यात आहे. तिथे लय परत आणण्याचा हट्ट सोडून घोड्याला आराम मिळवून देणं हेच ध्येय असतं. उपयोगी आणि घातक डोसमधलं अंतर फार कमी आहे. भूक मंदावली, घोडा उदास झाला, पोट दुखू लागलं की रक्तातली पातळी तपासायची.

१०. फ्लेकेनाइड शिरेतून दिलं की तासाभरात काम होतं असं ऐकलं. नळी आणि इतका त्रास कशाला?

ऐकलेलं अर्धं खरं आहे. फ्लेकेनाइड सोडियमचे मार्ग क्विनिडीनपेक्षाही जोरात अडवतं. नुकत्याच सुरू झालेल्या, किंवा अभ्यासासाठी मुद्दाम सुरू केलेल्या एएफमध्ये किलोमागे १ ते २ मिलिग्रॅम शिरेतून देऊन लय परत आल्याचं दिसलं आहे. पण जुन्या एएफमध्ये बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठाच्या अभ्यासात यश फारच कमी मिळालं आणि निलयाचे धोकादायक ताल उसळले. क्यूआरएस रुंदावतं, आकुंचन मंदावतं. घोडे अचानक कोसळून मेल्याच्याही नोंदी आहेत. माझं मत स्पष्ट आहे: एएफ कधी सुरू झाला हे नक्की ठाऊक नसेल तर फ्लेकेनाइडच्या वाटेला जाऊ नये.

११. सोटॅलॉल आणि अमिओडॅरोन कधी?

सोटॅलॉल पोटॅशियमचे मार्ग अडवतं आणि बीटा ब्लॉकरही आहे, म्हणजे अ‍ॅड्रिनलीनचा हृदयावरचा जोर कमी करतं. ते तोंडाने देता येतं, घोड्यात पुरेसं शोषलं जातं आणि बहुतेक घोडे ते सहज पचवतात. मुख्यतः लय परत आल्यावर ती टिकावी म्हणून काही आठवडे देतात. ते क्यूटी लांबवतं, म्हणून अधूनमधून ईसीजी हवाच. बीटा ब्लॉकर असल्याने दम्याच्या घोड्यात विचार करून द्यावं.

अमिओडॅरोनने काही जुने एएफ मोडले आहेत, पण जुलाब आणि मागच्या पायांवर सतत भार बदलत राहणं हे त्रास दिसले. ते पहिल्या पसंतीचं औषध नाही.

१२. औषधाऐवजी विजेचा झटका देतात म्हणे. तो जास्त चांगला का?

ज्यांना परवडतं आणि जिथे सोय आहे तिथे, होय. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठात २००० नंतरच्या दशकात ही पद्धत विकसित झाली. मानेतल्या शिरेतून दोन इलेक्ट्रोड आत सरकवतात, एक उजव्या अलिंदात आणि दुसरा डाव्या फुफ्फुसी धमनीत. मग घोड्याला पूर्ण भूल देऊन झटका देतात. तो निलयाच्या ठोक्याशी अचूक जुळवावा लागतो. चुकीच्या क्षणी बसला तर निलयंच थरथरू लागतात, आणि मोठ्या घोड्यात त्यातून परतणं जवळजवळ अशक्य असतं. यश नव्वद टक्क्यांहून जास्त आहे. औषधाचे रक्तदाबाचे आणि आतड्याचे त्रास टळतात, पण भुलीतून उठतानाची जोखीम पत्करावी लागते.

१३. लय परत आली. घोडा शर्यतीला कधी?

ईसीजी नीट दिसला म्हणून अलिंद लगेच जोमाने आकुंचन पावत नाही. ते काही काळ दुबळंच राहतं, आणि एएफ जितका जुना तितकं सावरायला जास्त दिवस लागतात. काही दिवसांचा एएफ असेल तर थोडी विश्रांती पुरते. महिनोन्महिने राहिला असेल तर सहा-आठ आठवडे धीर धरावा. परत कामाला लावण्याआधी धावतानाचा ईसीजी जरूर घ्या.

एएफ पुन्हा उलटण्याची शक्यता खरी आहे. नवा एएफ लवकर मोडला तर ती कमी असते. चार महिन्यांहून जुना असेल किंवा झडप गळत असेल तर बरीच जास्त. शर्यतीच्या घोड्यासाठी आणखी एक गोष्ट: ही सगळी औषधं उत्तेजकचाचणीत पकडली जातात. शेवटच्या डोसची तारीख नोंदवून क्लबच्या पशुवैद्यकाला विचारल्याशिवाय नाव घालू नका.

१४. घोड्याला निलयाचा वेगवान ताल सुरू झाला तर क्विनिडीनच द्यायचं का?

सहसा नाही. तिथे लिग्नोकेन शिरेतून हळूहळू देतात, सोबत मॅग्नेशियम सल्फेट. लिग्नोकेन अलिंदावर जवळजवळ काहीच करत नाही, म्हणून एएफला ते निरुपयोगी आणि निलयाला उपयोगी. दाबावर त्याचा परिणाम सौम्य असतो, मात्र वेग जास्त झाला तर स्नायू फडफडतात, घोडा उसळतो, झटके येतात.

बाटली दोनदा वाचा. टाके घालताना वापरायच्या काही लिग्नोकेनमध्ये अ‍ॅड्रिनलीन मिसळलेलं असतं. ते शिरेतून गेलं तर निलयाचा ताल आणखी बिघडेल. पोटशूळ, विषबाधा किंवा मोठ्या तापात हा ताल उठतो तेव्हा मूळ आजार आणि क्षार सुधारणं हाच उपचाराचा मोठा भाग असतो.

१५. फ्युरोसेमाइड दिल्याने एएफ होतो का?

एकट्या इंजेक्शनने होतोच असं नाही. पण हे लघवी वाढवणारं औषध आहे आणि ते लघवीतून पोटॅशियम आणि मॅग्नेशियम बाहेर काढतं. त्यात उन्हातला घाम आणि चारा कमी झाला की अलिंद चिडचिडं बनतं. हे क्षार कमी असताना क्विनिडीन, सोटॅलॉल आणि डिगॉक्सिन ही तिन्ही औषधं जास्त धोकादायक ठरतात, म्हणून आधी क्षार भरून काढा.

१६. झायलाझीन दिल्यावर ठोके २० वर आले आणि गळायला लागले. अ‍ॅट्रोपीन द्यायचं का?

झायलाझीन आणि डेटोमिडीन ही गुंगीची औषधं सुरुवातीला दाब चढवतात, त्यामुळे ठोके मंदावतात आणि प्रश्न २ मधला ब्लॉक उठून दिसतो. घोडा उभा असेल, हिरड्या गुलाबी असतील तर थांबून पाहायचं. औषध उतरलं की ठोके परततात. अ‍ॅट्रोपीन ठोके वाढवतं, पण घोड्याचं आतडं थंडावतं आणि त्यातून पोटशूळ होतो, म्हणून ते सवयीने देऊ नये. एक मात्र लक्षात ठेवा: गुंगीखाली काढलेल्या ईसीजीवरून घोड्याला ब्लॉक आहे असा निष्कर्ष काढू नका.

१७. सारंगखेड्याच्या बाजारातून मारवाडी घोडा घेतला. आता कळतंय की त्याला एएफ आहे आणि डावीकडे मोठा मर्मरही (ठोक्यांमधला जादा घरघर आवाज). औषध चालेल?

इथे औषध सर्वांत शेवटी येतं. एएफसोबत मोठा मर्मर म्हणजे डावी झडप गळत असण्याची आणि अलिंद ताणून मोठं झालं असण्याची दाट शक्यता. आधी हृदयाची सोनोग्राफी करून अलिंदाचं माप घ्या. माप प्रमाणात आणि गळती किरकोळ असेल तर प्रश्न ६ प्रमाणे प्रयत्न करता येतो, पण उलटण्याची शक्यता मालकाला आधीच सांगायची. अलिंद फुगलेलं असेल तर क्विनिडीनचे दाब उतरवणारे परिणाम घोडा सोसणार नाही आणि लय आली तरी टिकणार नाही. मग प्रश्न ९ चा मार्ग. एएफ किती जुना आहे हे विकणाऱ्याला विचारून कळणार नाही, म्हणून फ्लेकेनाइड बाद.

पुढच्या वेळी सौदा ठरवण्याआधी घोड्याला थोडं पळवा आणि लगेच पूर्ण मिनिट स्टेथोस्कोप लावा, दोन्ही बाजूंनी.